बिनटाक्याचं ठिगळ

धुळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन जिने केलं, ती माझीच विद्यार्थिनी. जळगावात मेहरूणला माझा दवाखाना आहे, तिथे ती सुई धरायला शिकली. उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात कोपऱ्याकडून मांस वाढतं आणि बुबुळावर चढतं. नुसतं खरवडून काढलं तर ते पुष्कळदा परत येतं, म्हणून वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा काढून तिथे ठिगळ लावायचं. मी ते केसाहून बारीक धाग्याने शिवतो. ती शिवत नाही. जागेवर आलेल्या रक्तावरच ठिगळ अंथरते आणि काही मिनिटं नुसती थांबते. रक्त गोठतं, ठिगळ चिकटतं. मला हा शुद्ध आळस वाटायचा. "एखाद्याचं सरकलं की कळेल," हे मी तिला फोनवर कैकदा सुनावलं होतं.

मग माझ्याच डोळ्यात मांस वाढलं. गावोगावची शिबिरं मी मोटरसायकलवर केली, चष्मा न लावता. पेशंटना मात्र गॉगल वापरा म्हणून ओरडायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. तिचा हात चांगला म्हणून गेलो तिच्याकडेच, पण अट घातली, टाकेच घालायचे. "बरं सर," म्हणाली आणि सुरेख घातले.

माझ्यानंतर दोंडाईच्याच्या एका आबांचं झालं, बिनटाक्याचं. आम्हा दोघांना एकाच खोलीत ठेवलं. संध्याकाळी माझ्या डोळ्यात बाभळीचा काटा फिरत होता आणि आबा मजेत कळण्याची भाकरी नि भरीत खात होते.

"भाऊ, भलतंच टोची राह्यनं का?"

"थोडंसं."

"माले ते ऑपरेशन व्हयनं हाईच इसरी गऊ."

ऑपरेशन झालंय हेच विसरलो म्हणत त्यांनी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. टाक्यांचं थोडं टोचेल, असं मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! हे थोडं नव्हतं.

सकाळी तिने आबांना तपासणीच्या मशीनसमोर बसवलं आणि त्यांची पट्टी सोडायला घेतली. मी मागे उभा होतो. तेव्हा मला माझंच मन सापडलं. ठिगळ सरकलेलं निघावं, असं मला वाटत होतं. ज्याची भाकरी खाल्ली त्याचा डोळा बिघडावा, कशासाठी, तर माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून. मला माझी लाज वाटली.

तिने पट्टी काढली आणि स्वतः न बघताच बाजूला झाली. "सर, बसा."

मी चांगला डोळा मशीनला लावला. ठिगळ सपाट बसलेलं, चारी कडा जुळलेल्या, एक सुरकुती नाही. माझ्या ठिगळाभोवती लाली असणार हे मला न बघता ठाऊक होतं. इथे नावालाही नव्हती. इतका आनंद झाला की मी आबांचा खांदा दाबला.

"बसनं का, भाऊ?"

"छान बसलंय, आबा."

ते चहा शोधायला निघून गेले. मी तिला म्हणालो, "माझे टाके निघाले की मला हे शिकव." आणि मग राहवलं नाही म्हणून तेही सांगून टाकलं, "सरकलेलं निघावं असं वाटत होतं मला."

"माहीत होतं सर," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला आधी बघायला दिलं."