आकडा कमी आला म्हणून

नातीचा पाय माझ्या हातात मोडला. तेलाचा हात मांडीवरून खाली आणत होते, पाय जरा ताणला, आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. लेकरू असं ओरडलं की चुलीपाशी बसलेली सून पिठाच्या हातांनी धावत आली. मांडी मधेच वाकली होती.

"आत्या, काय केलं वो तुमी?"

"चोळत होते," म्हणाले. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पोरगी दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. आमच्याकडे शेळ्यामेंढ्या. करडू उभं राहिना की त्याचे पाय चोळून ताणायचे, आठ दिवसांत ते उड्या मारतं. मी जन्मभर हेच केलं. माझी चार पोरं आणि गल्लीतली कितीतरी लेकरं याच हातांनी चोळली. कुणाचं काही मोडलं नव्हतं.

लेकाने पोरीला फळीवर बांधून जीपने आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला, प्लास्टर घातलं. नर्सने सुनेला बाजूला घेतलं. "कोणी मारलं का हिला? खरं सांग."

"तिला काहून विचारता?" मी म्हणाले. "माझ्या हातून मोडलं."

नर्सने ते कागदावर लिहून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, मुडदूस दिसतो, हाडं मऊ पडली आहेत. 'ड' जीवनसत्त्वाच्या थेंबांची बाटली दिली, पोरीचं रक्त घेतलं आणि बजावलं, "रिपोर्ट आला की मला दाखवा. त्याच्याशिवाय नक्की सांगता येत नाही."

आम्ही दाखवला नाही. लेकाने दोन दिवसांनी रिपोर्ट आणला आणि वाटेत मेडिकलवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "एक आकडा लई कमी हाय, बाकी काही न्हाई. वाढला असता तर घोर होता." आम्हाला ते पटलं. आमच्यात कुणाची साखर वाढते, कुणाचं बीपी वाढतं, आणि वाढलं की माणूस मरतं. काही कमी आलं म्हणून कोणी मेल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. कागद मी पेटीत टाकला आणि थेंब पाजत राहिले. सांगितले त्याहून रोज दोन जास्तच, हाड लवकर भरावं म्हणून.

महिनाभरात पोरगी ओकायला लागली. दूध घेईना, पोट साफ होईना, डोळे खोल गेले. मान टाकून पडायची. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "म्हातारीनं आधी पाय मोडला, आता जीव घेऊन राहिली." तोंडावर म्हणाली. सून लेकरू माझ्या हातात देईनाशी झाली.

मग नांदेड गाठलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातली लेकरांची डॉक्टरीण माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान. तिने जुने कागद मागितले. तो रिपोर्ट वाचला, परत वाचला.

"हा कुणाला दाखवला होता?"

"मेडिकलवाल्याला," लेक म्हणाला.

"आजी, लेकरांची हाडं वाढत असतात, म्हणून रक्तातलं हाडं घट्ट करणारं हे द्रव्य मोठ्या माणसांपेक्षा त्यांच्यात जास्त असतं. मुडदुसात ते आणखी वाढतं. हिच्यात जवळपास नाहीच. हा मुडदूस नाही. थेंब बंद केलेत ना?"

"देऊन राहिलो ना," मी म्हणाले. "दोन जास्तच."

तिचा चेहरा पांढरा पडला. "आता एक थेंबसुद्धा नाही. हाडात जायचं ते कॅल्शियम रक्तात साचलंय. मूत्रपिंडं निकामी होतील हिची." मग एकदम विचारलं, "दात पडलेत का हिचे?"

मी हादरले. हिला कसं कळलं? खालचे दोन दात खरंच पडले होते. रीतीप्रमाणे शेणात गुंडाळून मीच ते पत्र्यावर फेकले होते, आणि पोरगी लवकर मोठी होऊन राहिली म्हणून हसले होते.

"मुळासकट पडले?"

"व्हय. चांगलं लांब मूळ होतं."

डॉक्टरणीने नातीच्या तोंडात बोट घातलं. वरचा एक दात हलत होता. तो सहज निघून तिच्या हातात आला, अख्ख्या मुळासकट. रक्त नावालाच. सुनेने पदर तोंडात कोंबला.

"दुधाचे दात सहाव्या वर्षी आणि मूळ झिजून पडतात. हाडादातांचं हे दुखणं जन्मापासूनचं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "आईबापाच्या रक्तातून येतं."

सुनेने विचारलं, "म्हंजी आत्यानं मोडलं न्हाई पाय?"

"मोडला त्यांच्याच हातून. पण झबलं बदलताना तुझ्या हातूनही मोडला असता."

हे ऐकून मला हलकं वाटलं असं मी लिहिणार नाही. पाय मी ताणला, कागद मी पेटीत टाकला, जास्तीचे थेंब मी पाजले.

सलाईन लावली. जगेल का, असं लेकाने विचारलं तर डॉक्टरीण म्हणाली, "आत्ता सांगता येत नाही." सून खाटेला धरून बसली, मी खाली फरशीवर. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी पोरीने पाण्याच्या वाटीला स्वतःहून तोंड लावलं.

हाडं अजून कच्चीच आहेत. औषध निघालंय म्हणतात, पण ते आमच्यापर्यंत आलेलं नाही. पोरगी आता पहिलीत आहे, काठी धरून चालते. नात जगली.