लोखंडाचा ढेकर

पौषात वडील वारले. त्याच्या आठ दिवस आधी एक तांबट आमच्या अकोल्याच्या घरी आला होता.

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा वडिलांनी घर उबदार ठेवणारे लोखंडी नळ विलायतेहून मागवले. मागच्या पडवीतल्या बंबाचे ऊन पाणी त्यांतून खोल्याखोल्यांत फिरे. वऱ्हाडात ऊब विकत घेणारा माणूस म्हणून गाव हसले. त्या थंडीत नेमके आजारी वडिलांच्या खोलीतले नळ गार राहिले. मी नळांसोबत आलेले इंग्रजी पुस्तक तीनदा वाचून जाळ वाढवत होतो.

तांबटाने नळांवर टिचक्या मारल्या आणि कलिंगड निवडावे तसा कान लावला.

"भाऊ, खाली पानी हाये, वर वारा अडकला. तुमच्या पुस्तकानं कधी लेकरू खांद्यावर घेतलं नाई वाटते."

त्याने वरचा पेच सैल केला आणि लोखंडाची पाठ थोपटली. लांबलचक ढेकर निघाला, मागोमाग गंजाचे पाणी माझ्या पुस्तकावर उडाले. नळ तापू लागले.

रजईतून वडील म्हणाले, "जेवलं वाटते लेकरू." मग खोकला येईपर्यंत हसले.

तांबटाचे नाव मी विचारले नाही. नळ पुढे मोडीत गेले. डाग पडलेले पुस्तक माझ्याजवळ आहे.