दुसऱ्या कडव्यानंतर

आमच्या वडिलांची, अण्णांची, गायन पार्टी होती. अण्णा गायचे आणि ढोलकी वाजवायचे, दोन काका कोरसला आणि पेटीवर मी. लातूर नुकता जिल्हा झाला होता, त्यामुळं अण्णा आम्हाला जिल्ह्याची पार्टी म्हणायचे. कालपर्यंत आम्ही गल्लीची होतो. पद्धत अशी, की शब्द आपले आणि चाल सिनेमातली. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मला मात्र लाज वाटायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर भाऊ नांदेडच्या होस्टेलवरून आला तो कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणि इंग्रजी गाण्यांच्या चार कॅसेटी घेऊन. एक शब्द कळेल तर शपथ! पण मी कान लावून बसले. दोन कडवी सरळ जायची, आता तिसरं येणार म्हणून आपण मान डोलवावी, तर गाणं भलत्याच वाटेला वळायचं. चाल वेगळी, सूर वेगळा, जीव नुसता वरखाली. मग ध्रुपद परत यायचं आणि तेच ध्रुपद नवं वाटायचं. तो तुकडा अख्ख्या गाण्यात एकदाच. भाऊ म्हणाला, याला ब्रिज म्हणतेत. त्यातला एक मी इतक्यांदा मागं फिरवून ऐकला, की टेप गुंतली आणि भावानं मला शिव्या देत ती पेन्सिलीनं गुंडाळली.

झालं, मी हट्टाला पेटले. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी अण्णांनी पाण्यावर गाणं लिहिलं होतं; दुष्काळात दुसरं सुचणार तरी काय! त्याला मी स्वतःची चाल लावली, अण्णांकडून भांडून चार ओळी जास्तीच्या लिहून घेतल्या आणि दुसऱ्या कडव्यानंतर तसाच तुकडा घातला. अण्णांनी ऐकलं, गुडघ्यावर ताल धरला आणि म्हणाले, एकदा म्हणून बघू. फसलं तर चाल लावायचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. मी हो म्हणाले खरी, पण चाल लावण्याशिवाय मला दुसरं काही नकोच होतं.

खरी भीती काकांची. त्यांना जन्माची सवय, कडवं संपलं की ध्रुपद उचलायचं. तालमीत मी दोघांना बजावलं, दुसऱ्या कडव्यानंतर गप बसायचं. दोघं हाव हाव म्हणाले.

रेणापूरला संध्याकाळी कार्यक्रम. पुढं बाया, जिच्या तिच्या शेजारी रिकामी घागर, कारण टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. दुसरं कडवं संपलं, अण्णांनी तुकड्याची पहिली ओळ धरली, आणि थोरल्या काकांनी डोळे मिटून, टाळ उंच धरून, ठणठणीत ध्रुपद ठोकलं. धाकटे काका त्यांच्या मागोमाग. सगळा बट्ट्याबोळ! माझं डोकंच फिरलं.

"काका, तोंड मिटा!" मी ओरडले. माइक माझ्यासमोरच होता.

अख्खं रेणापूर हसलं. ढोलकी थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाल तर गेलीच, वर चारचौघांत काकांचा अपमान. अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या कडव्यापासून घेऊ, एवढंच ते म्हणाले. थोरल्या काकांनी उपरण्याचा बोळा करून तोंडावर धरला.

या खेपेला तुकडा मोकळा आला. अण्णांचा आवाज एरवी जायचा नाही तिथवर चढला. बाया बोलायच्या थांबल्या. मग काकांनी ध्रुपद असं उचललं, की मंडप दणाणला. पुढची एक म्हातारी उठून म्हणाली, ते मधलंच तेवढं पुन्ना म्हणा. अण्णा हसले, मधलं सुटं मिळत न्हाई मावशी म्हणाले, आणि आम्ही सगळं गाणं पुन्हा म्हटलं. मी इतकी खूश झाले, की काकांच्या पाया पडायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवर अण्णांच्या अक्षरातला एक कागद होता. नवं गाणं. दोन कडवी लिहिलेली, त्याखाली चार ओळींची जागा कोरी आणि मग तिसरं कडवं. मी विचारलं, इथलं लिहायचं राहिलं का?

"तिथं आधी तू चाल लाव," अण्णा म्हणाले. "शब्द मी मागून घालतो."