छत्तीसच्या पुढचा आकडा

विरूपाक्ष कित्तुरे मला पहिल्यांदा नीट दिसले ते १९९६ साली, आमच्या कॅमेरा क्लबच्या राधानगरीच्या सहलीत. शाहूपुरीत त्यांचं मोटारपंपांचं दुकान होतं. आम्ही सगळे धरणाचे फोटो काढत होतो आणि ते एका अंगणात हौसाक्का नावाच्या म्हातारीसमोर उकिडवे बसले होते. तिचा आयुष्यातला तो पहिलाच फोटो होता. पुढच्या रविवारी तो घरपोच आणून देतो, असा शब्द त्यांनी दिला.

परतताना एसटीत त्यांनी कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. रोल छत्तीस फोटोंचा आणि आकडा एकेचाळीस. फिल्म आतल्या चक्राच्या दात्यांत अडकलीच नव्हती, नुसता आकडा पुढे सरकत होता; म्हणजे दिवसभरात एकही फोटो निघाला नव्हता.

मी म्हणालो, "पत्र टाका. पुन्हा कधीतरी जाऊ."

"सर, म्हातारी वाट बघत बसंल की."

रविवारी मीही त्यांच्यासोबत गेलो. त्यांनी काही न लपवता सांगितलं. हौसाक्कानं विचारलं,

"म्हंजे त्या दिवशी मी उगंच दम धरून बसलो व्हय, पावणं?"

"व्हय, आक्का. चूक माझी हाय."

"बरं झालं. लुगडं जुनं हुतं. थांबा, नवं नेसून येतो."

नव्या लुगड्यातला तो फोटो त्यांनी आठ दिवसांत नेऊन दिला.

आता विरूपाक्ष एकसष्ट वर्षांचे आहेत. कॅमेरा डिजिटल झाला, तरी सहलीत भेटलेल्या माणसांचे फोटो कागदावर काढून ते स्वतः त्यांच्या घरी पोचवतात.