बाग मोकळी करून ठेवा

बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून कात्रीकाकू परत आल्या, तेव्हा बाग जागेवर नव्हती.

फाटक होतं. फाटकावर बागप्रेमी मंडळाची पाटीही होती. आत दाबून सपाट केलेली जमीन आणि तिच्यावर जेसीबीच्या चाकांचे पट्टे. लिंबाचं झाड मुळासकट कोपऱ्यात आडवं पडलं होतं. त्याला लिंबं तशीच लटकत होती. काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली नाही. त्या कडेकडेने चालत गेल्या, जणू मधले वाफे अजून तिथेच आहेत आणि पाय पडायला नको.

काकूंच्या कमरेला छाटणीची कात्री कायम अडकवलेली असे, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. दुसरं कारण त्यांची जीभ. कात्रीला अधूनमधून धार लावावी लागे. जिभेला कधी लागली नाही.

त्यांचं आयुष्य इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलं. रक्ताच्या, औषधाच्या, ओकारीच्या चादरी. त्यांचा नवरा रंगारी होता. परांचीवरून पडला आणि पुन्हा उठला नाही. पलंग खिडकीशी होता आणि खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची भिंत. एकदा तो म्हणाला, "या भिंतीचा पोपडा न् पोपडा पाठ झालाय मला. परीक्षा घे."

दुसऱ्या दिवशी काकूंनी इमारतीमागच्या उकिरड्यातून सदाफुलीचं रोप उपटलं आणि पत्र्याच्या डब्यात लावून खिडकीत ठेवलं. नवरा ते बघत बसे. कळी आली की हाक मारून सांगे. पुढे तो गेला. डबा राहिला. तळमजल्यावरची शिवणवाली अर्धांगाने अंथरुणाला खिळली, तेव्हा काकूंनी तो उचलून तिच्या खिडकीत नेऊन ठेवला.

मंडळ सुरू झालं ते असं. भाषण नाही, नारळ नाही.

उकिरड्याची जागा पालिकेची. मंडळाने ती मागून घेतली. काचा, गाद्यांच्या स्प्रिंगा, सुया, मेलेली घूस, सगळं काकूंनी आणि चित्रकलेच्या मास्तरांनी हातांनी वेचून काढलं. मास्तर शेजारच्या जिन्यातले. तेव्हा शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. पाण्याची सोय नव्हती, म्हणून काकू धुलाईखान्यातलं पाणी आणायच्या. आधी साबणाचं घालून अख्खा वाफा मारला. मग शेवटच्या विसळणीचं आणू लागल्या. मास्तर म्हणायचे, "आपल्या गुलाबांना डाग पडणार नाही बघा."

मंडळाचं काम एकच. परिसरात कोणी अंथरुणाला खिळलं की त्याच्या खिडकीत कुंडी ठेवायची आणि फूल कोमेजायच्या आत ती बदलायची. त्या घरी चहा घ्यायचा नाही. "आजाऱ्याच्या घरात कामं कमी असतात का? त्यात तुमच्या कपबशा," काकू म्हणायच्या. या कुंड्यांमधली सगळी रोपं त्या वाफ्यांतून यायची.

अध्यक्ष फार नंतर आले. त्यांचं फरशीचं दुकान होतं. सभासद वाढले, पालिकेशी बोलायला वजनदार माणूस हवा, असं सगळ्यांना वाटलं. काकूंनाही वाटलं. अध्यक्ष फोटोत मधोमध उभे राहात. जमिनीवर वाकताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

बहिणीकडून काकूंनी त्यांनाच फोन केला होता. "मला यायला उशीर होईल. तोवर बाग मोकळी करून ठेवा. मी आले की लावू."

मंडळात 'मोकळी' या शब्दाचा अर्थ एकच होता. खुरप्याने माती हलवायची, मुळांना हवा द्यायची. एक सकाळ तिथे काढलेल्या कुणालाही तो विचारावा लागत नसे.

काकू पिशवीसकट अध्यक्षांच्या दुकानात गेल्या.

"बसा ना काकू. बहीण कशी आहे?"

"तिला आता दिसतंय. बागेचं काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, मोकळी करा? मला वाटलं, तुम्ही आता थकलात. पार्किंगचं मी मागे बोललो होतो, ते पटलं असेल तुम्हाला. मागे नाल्यावर जेसीबी आलाच होता. म्हटलं, काकूंचा शब्द, लगेच करून टाकू."

"मोकळी म्हणजे काय, ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"काकू, मोकळी म्हणजे मोकळी. गैरसमज झाला असेल थोडा."

"थोडा? लिंबाचं झाड आडवं पडलंय तिथे! घरी बायको म्हणाली, केस मोकळे करून दे, तर न्हाव्याला बोलावता का?"

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "रविवारी सभा आहे," ते म्हणाले. "तिथे बोलू. झालंच आहे, तर फरशी घालून घेऊ. लोकांना गाड्या लावायला जागा नाही."

काकू पिशवीसकट बाहेर पडल्या. त्या थेट मास्तरांच्या दारात गेल्या.

"तुम्ही होतात तिथे?"

मास्तरांनी मान खाली घातली. "होतो."

"तुम्हाला तर शब्द ठाऊक होता!"

"अध्यक्ष म्हणाले, काकूंनी सांगितलंय. मला खटकलं. पण म्हटलं, तुमच्या डोक्यात काही असेल."

"एक फोन करायला काय झालं होतं? बोटं झडली होती?"

मास्तरांनी मान वर केली. मग म्हणाले, "तुम्हाला उलट विचारलेलं चालतं का, काकू? गेल्या खेपेला मी विचारलं, पुदिना इथे का, तर चार माणसांत तुम्ही मला 'शहाणे' म्हणालात. मी तेव्हापासून विचारणं सोडलंय."

काकू जिना उतरल्या. राग कमी झाला नाही. उलट त्याला आणखी एक तोंड फुटलं, आणि ते त्यांच्याकडेच वळलेलं होतं. त्या रात्री जेवल्या नाहीत. भांडी मात्र दोनदा घासली.

रविवारच्या सभेला एरवी न फिरकणारेही आले, कारण त्यांच्याकडे गाड्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "जे झालं ते दुर्दैवी. पण आता त्याच जागेचा सगळ्यांना उपयोग होऊ दे. काकूंनी मोठ्या मनाने होकार द्यावा."

काकू उठल्या. "माझं मन मोठं नाही. ज्यांच्या खिडकीत कुंडी आहे, त्यांना विचारलंत? ते सभेला येऊ शकत नाहीत. उठता आलं असतं, तर कुंडी कशाला लागली असती?"

अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. मग हात वर झाले. काकू एकेका हाताकडे बघत राहिल्या. त्यातल्या एकाच्या आईच्या खिडकीत त्यांनी स्वतः कुंड्या बदलल्या होत्या. त्याने हात वर केला, पण मान दुसरीकडे फिरवली. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते. फरशी मंजूर झाली.

सोमवारी सकाळी फरशीचा ट्रक आला, तेव्हा फाटकात खुर्ची होती आणि खुर्चीत काकू.

"आजी, बाजूला व्हा. माल उतरवायचाय," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही होत."

"मग मी काय करू?"

"तुमच्या मालकाला विचारा. त्यांना सगळ्याचा अर्थ कळतो."

अध्यक्ष आले. आधी समजावलं, मग आवाज चढवला. सभेचा ठराव आहे म्हणाले. "कायद्याने बघू काकू!"

"बघा. मी इथेच आहे. मला कुठे जायचंय?"

खिडक्या उघडल्या. कोणी म्हणालं, म्हातारीला वेड लागलं. कोणी म्हणालं, बरं झालं. खाली मात्र कोणी उतरलं नाही. ड्रायव्हरने फाटक नीट न्याहाळलं. काकूंनी एकच बाजू अडवली होती. दुसऱ्या बाजूने घासून का होईना, ट्रक आत गेला असता. त्याने गिअर टाकला.

तेवढ्यात मास्तर आले. हातात स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची होती. ती त्यांनी काकूंच्या शेजारी ठेवायला घेतली.

"इथे नको," काकू त्यांच्याकडे न बघता कडाडल्या. "माझ्या जवळ बसू नका. लांब ठेवा ती."

मास्तरांनी खुर्ची उचलली, लांब नेली आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, ट्रकच्या अगदी तोंडासमोर ठेवली. मग तिच्यावर हाताची घडी घालून बसले.

ड्रायव्हरने अध्यक्षांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. काकू मास्तरांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुपारी ट्रक भरलेलाच परत गेला, तेव्हाही नाही.