सातवी पायरी

मटार अर्धेच सोलून झालेत. उरलेल्या शेंगा परातीत तशाच पडल्यात, कारण सोलता सोलता धाकट्या नणंदेला फोन आला आणि ती उठली. कुकर लावण्याआधी एवढं वहीत लिहून ठेवते.

गावोगाव फिरणाऱ्या संगीत नाटक कंपनीत ती नऊ वर्षं बदली नटी आहे. मुख्य काम मोठ्या बाईंचं. त्यांना एखाद्या दिवशी जमलं नाही, तर हिने उभं राहायचं. नऊ वर्षांत तो दिवस आला नव्हता. तरी ही रोज तोंडाला रंग लावून पडद्याआड उभी राहते आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी सगळी पदं म्हणते. हा आठवडा कंपनी इथे आहे, म्हणून ती आमच्याकडे उतरली आहे. भांडी घासतानाही तिचे ओठ हलतच असतात.

"बस येणार नाही हे ठाऊक असून थांब्यावर उभी राहणारी तू एकटीच," हे तिला चिडवतात.

"आली तर बसायला जागा तरी मिळेल, दादा."

परवा बाईंचा गुडघा सुजला. मॅनेजर हिला म्हणाला, "उद्या दुपारचा प्रयोग तुम्ही करा. जमला तर उरलेला दौरा तुमचा. नाहीतर बाहेरून कोणीतरी नावाजलेली आणतो." बाईंचा पोशाख हिला ढगळ. कंबरेला मीच कच्चे टाके घालून आवळला.

शेवटच्या अंकात गात गात जिना चढायचा असतो. बाई सातव्या पायरीवर कठडा धरून थांबायच्या. लोकांना वाटे, काय दुःख दाखवलं. खरं दुखणं गुडघ्याचं. ती जागा भरायला व्हायोलिनवाला एक तुकडा वाजवायचा. मॅनेजरने काल तो काढूनच टाकला. "तुमचे गुडघे धड आहेत, सरळ चढा."

मी तिसऱ्या रांगेत देवाचं नाव घेत बसले होते. छान चाललं होतं. आणि सातव्या पायरीवर ती थांबली. नऊ वर्षं पाहून पाहून पाय तिथेच अडला. व्हायोलिन गप्प. चूक तिच्या ध्यानात आली, हे मला तिच्या ताठ झालेल्या मानेवरून कळलं. मग कठड्यावरचा हात न काढता तिने पुढची ओळ साथीशिवाय, अगदी हळू म्हटली. माझ्या शेजारची बाई खोकायची थांबली. त्यापुढच्या ओळीला वादकांनी तिला गाठलं आणि ती वर गेली.

मॅनेजर एक शब्द न बोलता निघून गेला. घरी येताना ती म्हणाली, "वहिनी, आता तो बाहेरून आणणार."

"देवाने तुझी नऊ वर्षं पाहिलीत."

"देवाचं ठीक आहे हो, पायरी मॅनेजरने पाहिली ना."

आजचा फोन त्याचाच. "सातवीवर रोज थांबा. व्हायोलिन नकोच."

तिने लगेच फोन लावला तो मोठ्या बाईंना. "दुखणं माझं आणि टाळ्या तुला होय गं?" त्यांचं बोलणं मला इथवर ऐकू आलं. मग दोघी बराच वेळ हसत होत्या.

"शिंप्याला कंबरेचं जास्तीचं कापड कापायला सांग," मी म्हटलं, "काल टोचत होतं ना?"

"टोचू दे. बाई परत येतील, तेव्हा सैल करायला कापड लागेल."

पोशाख पिशवीत घालून ती आता चौकातल्या शिंप्याकडे गेली आहे, कंबरेची शिवण पक्की करून आणायला.