दोघींनी सोडलं ते

मागच्या खेपेला सोलापूरहून निघाले तेव्हा टॅक्सी दारात घरघरत उभी होती, दादा बॅगा डिकीत कोंबत होता आणि अव्वा दह्याची वाटी घेऊन उंबऱ्यात आली. लांब निघालेल्या माणसाच्या तळहातावर दही द्यायचं, ही आमच्या घरची रीत. मी हात पुढं केला नाही. व्हीगन झाल्यापासून दूध, दही, तूप सगळं बंद केलंय, हे आमच्या आईला, म्हणजे अव्वाला, चांगलं ठाऊक होतं. तिनं चमचा भरला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि शेजारी उभ्या वहिनीचा हात ओढून दही तिच्या तळहातावर ठेवलं. वहिनी कुठंही निघालेली नव्हती. ती नुसती माझी पाण्याची बाटली धरून उभी होती. चाटलं बिचारीनं, दुसरं काय करणार. पुण्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की ते दही माझं होतं.

आता तुम्ही म्हणाल, नको तूच म्हणालीस, मग दुसरीला दिलं तर जळतेस कशाला. बरोबर आहे तुमचं. पण जळते. चांगली जळफळते. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना हे कळेल, जे तिथंच राहिले त्यांना माझा राग येईल. दोघांनीही वाचा.

आमचं घर अक्कलकोट रोडला. मागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी, घरात अर्धं कन्नड अर्धं मराठी. आम्ही लिंगायत, त्यामुळं अंड्याचं नावही घरात काढायचं नाही. रविवारी आसपासच्या घरांतून मटणाला फोडणी बसली की अव्वा खिडक्या लावून घ्यायची आणि ऊद जाळायची. "आपल्यात जीव मारून खात न्हाईत," हे ती इतक्या वेळा म्हणायची की मला ते आमच्या आडनावाचाच भाग वाटायचं. त्याचा मलाही ताठा होता. शाळेत डबे उघडले की मी जरा सरकून बसायची, आणि आपण काहीतरी वरचे आहोत असं मनात धरायची.

नोकरी घेऊन नेदरलँड्सला आले तेव्हा तो ताठा बॅगेतून सोबत आला. इथल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी व्हेजिटेरियन म्हणून मिरवायची. मग एका सुट्टीत सायकल काढून गावाबाहेर गेले, तर एका डेअरी फार्मच्या कडेला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोपटांची रांग. प्रत्येक खोपटात एकेक वासरू, एकटं. त्यांच्या आया पलीकडच्या शेडमध्ये. एका वासरानं माझी बोटं तोंडात घेतली आणि ओढायला लागलं. मला आमचा गोठा आठवला. पारडी झाली की अव्वा तिला मनसोक्त पिऊ द्यायची. नर रेडकू झालं की ते कोपऱ्यात बांधलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं, आणि एक दिवस नसायचंच. कुठं गेलं विचारलं की अव्वा म्हणायची, बाजारात गेलं. बाजारात त्याचं काय होतं हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. म्हणजे जीव मारून खात नव्हतो खरं, पण मारायला धाडत होतो. त्या दिवसापासून मी दूध सोडलं.

हे मी अव्वाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आमी कसाई काय ग?" मी तसं नाही, तसं नाही म्हणत राहिले आणि मग पुढचा अर्धा तास नेमकं तेच समजावून सांगितलं. मला कुठं थांबावं कधी कळलं नाही. ज्या म्हशींच्या दुधावर आमच्या शाळेच्या फिया भरल्या, त्याच दुधावर मी तिला परदेशातून प्रवचन दिलं. तेव्हापासून ती माझ्याशी जेवणाबद्दल बोलतच नाही. सुट्टीला गेले की स्वयंपाकघरातून वहिनीला विचारते, "हिला काय चालतंय बघ की जरा." हिला. जसं काही मी लग्नाला आलेली लांबची पाहुणी.

आणि आता वहिनी. मंगल तिचं नाव, वैरागची, मराठ्यांच्या घरातली. दादा चिंचोळी एमआयडीसीत ज्या कारखान्यात आहे तिथंच ती पॅकिंगला होती. लव्ह मॅरेज. अव्वानं सुरुवातीला अबोला धरला, पाणीसुद्धा तिच्या हातचं घेईना. माहेरी दर रविवारी मटणाचा रस्सा ओरपणारी ही पोरगी आमच्याकडं आली आणि गप्प बसून भाकऱ्या थापू लागली. मटण सुटलं, अंडं सुटलं, त्याचा वास घेणंही सुटलं. वर्षाच्या आत अव्वा गल्लीभर सांगत फिरायला लागली, "पोरीनं घरासाठी सोडलं बघा." वहिनी म्हशीची धार काढते, वहिनी ताक घुसळते, वहिनीच्या भाकरीवर अव्वा स्वतःच्या हातानं लोण्याचा गोळा ठेवते. मी म्हणते, तिनं सोडलं ते सोडणं आणि मी सोडलं ते काय थेरं? तिचा त्याग, माझा उद्धटपणा. तिला शाबासकी, मला 'हिला काय चालतंय बघ'. मी इकडं ओटच्या दुधाचा चहा फुंकत बसायची आणि फॅमिली ग्रुपवर वहिनीच्या लोण्याचा फोटो आला की फोन पालथा घालायची.

त्या दह्याच्या पुढच्या खेपेला, यंदा हिवाळ्यात गेले तेव्हा वहिनीच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दादाला रजा नव्हती, म्हणून आईला बघायला निघालेल्या वहिनीसोबत मी गेले. खरं सांगू? सोबत हे निमित्त. मला बघायचं होतं की माहेरच्या चुलीपुढं ही बया किती टिकते. तिनं खावं, मी बघावं, आणि मग आयुष्यभर कुणाला सांगू नये पण मला माहीत असावं, एवढीच माझी इच्छा.

वैरागच्या स्टँडवरून चालत घरी पोचलो तर मटणाचा वास दारातच. लेक येणार म्हणून मामींनी, वहिनीच्या आईला मी मामीच म्हणते, डोळ्यावर काळा चष्मा घालून सकाळपासून रस्सा केलेला. मी माझं घाबरत घाबरत सांगितलं, की मला मटण नको आणि दूध-तूपही नको. मला वाटलं आता प्रश्न सुरू होतील. त्या म्हणाल्या, "नको तर नको. शेंगाची आमटी करते की तुला." झालं. दुसऱ्याच्या लेकीनं काय सोडलं याचं कुणाला काय दुःख.

मग त्यांनी वहिनीचं ताट वाढलं. कडक भाकरी, कांदा आणि वाटीभर रस्सा, वर तर्री. वहिनीनं भाकरी मोडली. मी अगदी टक लावून बघत होते. तिनं एक तुकडा रश्श्यात बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. मी हळूच म्हणाले, खा, मी घरी काही बोलणार नाही. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि वाटी बाजूला सारली. मामींना नीट दिसत नव्हतं, पण वाटी सरकल्याचा आवाज त्यांना कळला. त्या पदरानं चष्म्याखालून डोळा टिपायला गेल्या, मग डॉक्टरनं हात लावू नको म्हटल्याचं आठवून हात तसाच मांडीवर ठेवला. मी कॉलवर बोलत सुटले होते तेव्हा शेंगा निवडता निवडता अव्वाचा चेहरा असाच झाला होता, आणि समोर स्क्रीनवर दिसत असून मी तिकडं लक्ष दिलं नव्हतं.

आम्ही दोघींनी शेंगाची आमटी खाल्ली. रश्श्याचं पातेलं झाकलेलंच राहिलं.

संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसल्यावर मी तिला विचारलं, का नाही खाल्लंस. ती बाहेर बघत म्हणाली, "जात न्हाई आता घशाखाली. ढवळतंय. आईला वाटतंय मी मुद्दाम करते." मग तिकिटाची घडी घालत म्हणाली, "वन्सं, मला तुमचा लई हेवा वाटतो. तुमी इचार करून सोडलं. घरच्यांशी भांडून सोडलं. मला सोड म्हणून कुणी सांगितलं बी न्हाई, सोडतीस का म्हणून इचारलं बी न्हाई. सुटत गेलं. आन आता माझं मलाच कळंना, मला नको हाय का तुमच्या घराला नको हाय."

तुमच्या घराला, म्हणाली ती. इतकी वर्षं तिथं नांदून. आणि मी जिचा हेवा करत होते ती माझाच हेवा करत बसलेली. मला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. मी म्हणाले, सोलापूर आलं की रिक्षा करू.

घरी पोचलो. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर माझी जळजळ शमेल. अव्वा गोठ्यातून हात पुसत आली. माझ्याकडं बघून, दमलीस का, एवढंच म्हणाली. मग वहिनीला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "काय खाल्लं न्हाईस न्हवं तितं?"

वहिनी म्हणाली, "न्हाई अव्वा."

अव्वानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, लहान लेकराच्या फिरवावा तसा. मी बॅग धरून दारात उभी. त्या हातासाठी मी काय नसतं दिलं. पण तो हात मिळवायला लागतं ते देणं मला जमणार नाही, हेही मला कळत होतं. रेडकांबद्दल मी बोलले त्यातला एक शब्द मागं घ्यायला मी आजही तयार नाही. घर कशाला म्हणायचं असं कुणी विचारलं, तर मी तो पाठीवरचा हात दाखवीन. तो ज्या पाठीवर आहे तिचं ते घर, मग ती त्याला 'तुमचं' का म्हणेना. माझी पाठ त्यातून सुटली, आणि तिची अडकली.

आणि मी, जिला मटणाचा वास सहन होत नाही, जी लोकांना प्राणी खाऊ नका म्हणून सांगत फिरते, त्या दारात उभी राहून मनात, अगदी मनापासून, म्हणत होते, वहिनी, तू खायला हवं होतंस ग.